बर्फाच्या गावात सोलर वॉटर हीटर: कलेक्टर निवडण्याआधी आणि निवडताना

पुण्या-कोल्हापूरच्या गच्चीवरचा सोलर फार साधा असतो. वर आडवी टाकी, खाली पंधरा-वीस काळ्या काचेच्या नळ्या. पंप नाही, कंट्रोलर नाही. नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं आणि तेच थेट बाथरूमच्या नळाला येतं. मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारिओ किंवा क्वेबेकमध्ये घर घेतलेली मराठी मंडळी हाच सोलर डोळ्यांसमोर ठेवून चौकशी सुरू करतात. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, "थंडी आहे ना, मग व्हॅक्यूम ट्यूबच घ्या."

हे उत्तर अर्धं खरं आहे. ट्यूब थंडीत चांगल्या चालतात, पण थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या अडचणी आहेत. माझ्या मते बर्फाळ प्रदेशात कलेक्टरचा, म्हणजे ऊन पकडणाऱ्या भागाचा, प्रकार (निर्वात नळ्यांच्या ट्यूब की काच लावलेली सपाट पेटी, फ्लॅट प्लेट) हा चौथा निर्णय आहे. आधीचे तीन नीट घेतले, तर चौथा बराचसा आपोआप सुटतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक नकोसा प्रश्न

तुम्हाला खरंच छपरावर पाणी तापवायचं आहे का? छपरावर वीज बनवणारी साधी सोलर पॅनेलं आणि तळघरात हीट पंप वॉटर हीटर (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा), ही जोडी आज अनेक घरांना स्वस्त पडते आणि तिची देखभालही कमी असते. विजेची तार गोठत नाही, फुटत नाही, गळत नाही. उन्हाळ्यात गरम पाणी नको असेल तेव्हा ती वीज घरात दुसरीकडे वापरता येते. सोलर थर्मल, म्हणजे उन्हाने थेट पाणी तापवणं, मात्र जागा कमी घेतं. तेवढ्याच उन्हातून ते वीज पॅनेलच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा उष्णतेच्या रूपात देतं. छप्पर लहान असेल, घरात माणसं भरपूर असतील किंवा वीज फार महाग असेल तर ते अजूनही शहाणपणाचं आहे. दोन्हींची कोटेशनं मागवा आणि शेजारी ठेवून बघा.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ३० टक्के संघीय करसवलत मिळते असं अजून बऱ्याच जुन्या माहितीत लिहिलेलं सापडेल. घरगुती सोलरसाठीची ती सवलत ३१ डिसेंबर २०२५नंतरच्या खर्चाला मिळत नाही. विक्रेत्याने हिशेबात ती धरली असेल तर तिथेच थांबवा.

पहिला निर्णय: तुमचा हिवाळा कोणत्या जातीचा आहे?

लेहला फिरायला गेलेल्यांनी तिथल्या हॉटेलांच्या छपरांवर ट्यूबवाले सोलर पाहिले असतील. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तापमान शून्याखाली वीसपर्यंत जातं, पण ते थंड वाळवंट आहे. वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास, आणि आकाश नितळ. अशा ठिकाणी ट्यूब झकास चालतात. त्याच हिमालयात गुलमर्गला मात्र एका रात्रीत कंबरभर बर्फ पडू शकतो. थंडी दोन्हीकडे, अडचण निराळी.

तुमच्या गावापुरत्या तीन गोष्टी शोधा: वर्षाला बर्फ किती पडतो, पडला की तो किती दिवस टिकतो, आणि डिसेंबर-जानेवारीत आकाश कसं असतं. मिनीआपोलिसला कडाक्याची थंडी, पण बर्फवृष्टीनंतर लख्ख ऊन पडतं. बफेलोसारख्या सरोवराकाठच्या शहरांत बर्फ ढिगाने पडतो आणि आकाशही आठवडेच्या आठवडे राखाडी असतं. दुसऱ्या प्रकारच्या गावात हिवाळ्यात कोणताही कलेक्टर फारसं काही देत नाही. तिथे मार्च ते ऑक्टोबरचा हिशेब करून यंत्रणा घ्यावी आणि हिवाळ्यात गॅसवर किंवा विजेवर पाणी तापवावं.

दुसरा निर्णय: जागा आणि कोन

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

मिनीआपोलिस आणि माँट्रियल ही दोन्ही शहरं साधारण ४५ अक्षांशावर आहेत. तिथे २१ डिसेंबरच्या दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून फक्त साडेएकवीस अंश वर असतो. म्हणजे १० मीटर उंच झाडाची सावली भर दुपारी २५ मीटर लांब पडते. जुलैत छप्पर बघून "अहो, दिवसभर ऊन असतं" असं म्हणण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याचं पाइनचं झाड हिवाळ्यात पानंही गाळत नाही. डिसेंबरमध्ये सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात कुठे सावली पडते ते बघा, किंवा बसवणाऱ्याकडून सावलीचा नकाशा करून घ्या. तोंड दक्षिणेला हवं. तीसेक अंश इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही. होकायंत्र वापरणार असाल तर चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला तुमच्या गावचा फरक हिशेबात धरायला विसरू नका.

आता कोन. वर्षभरासाठी अक्षांशाइतका आणि हिवाळ्यासाठी अक्षांश अधिक १५ अंश, हा जुना ठोकताळा. ४५ अक्षांशावर तो ६० अंश येतो, आणि बर्फाच्या दृष्टीनेही हाच कोन योग्य आहे. इथली बरीच छपरं बारा फुटांना चार फूट चढणारी असतात. तो कोन जेमतेम १८ अंशांचा होतो आणि त्यावर बर्फ मुक्कामाला येतो. ४५ अंशांच्या पुढे बर्फ घसरू लागतो, ६०ला सहसा टिकत नाही.

भिंतीवर उभा बसवला तर? ऐकायला विचित्र वाटतं, पण गणित करून बघा. डिसेंबरच्या दुपारी सूर्य इतका खाली असतो की उभ्या कलेक्टरला थेट उन्हात जेमतेम ७ टक्क्यांचा तोटा होतो. शिवाय ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो (गवत फेकतं वीसेक टक्के), आणि उभ्या कलेक्टरला समोरच्या अंगणातला तो उजेडही मिळतो. जूनमध्ये सूर्य साडेअडुसष्ट अंशांवर चढतो तेव्हा उभ्या कलेक्टरवर ऊन तिरपं पडतं, म्हणून तो उन्हाळ्यात फार तापतही नाही. हा गुण पुढे उपयोगी पडणार आहे. दक्षिणेची भिंत मोकळी असेल तर तिचा विचार जरूर करा. छपरावर चढण्याची कटकटही वाचते.

छपरावरच बसवायचा असेल तर आणखी काही गोष्टी:

- घसरलेल्या बर्फाला खाली जागा हवी. कलेक्टरची खालची कड वळचणीला टेकवून बसवली, तर बर्फ तिथेच साचून वर चढत जातो आणि अर्धा कलेक्टर झाकतो. जमिनीवरच्या स्टँडलाही हेच लागू. सर्वात मोठ्या बर्फाच्या वर्षी जिथपर्यंत थर चढतो, त्याच्याही वर खालची कड ठेवा.
- खाली दार, पायवाट किंवा गॅसचं मीटर नसावं. साठ अंशांवरून सुटलेली बर्फाची लादी माणसाला जखमी करू शकते.
- कमी उताराच्या छपरावर स्टँड उभारून कोन वाढवला, तर वारा जास्त लागतो आणि स्टँडच्या मागे वाऱ्याने बर्फाचा ढीग साचतो. त्याचं वजन छपरावरच येतं. वासे ते पेलतील का, हे कागदावर मागा. पाय वाशांतच ठोकलेले हवेत, नुसत्या प्लायवुडमध्ये नव्हे, आणि प्रत्येक पायाला फ्लॅशिंग (पाणी आत झिरपू न देणारा पत्रा) हवं.

तिसरा निर्णय: गोठण्यापासून बचाव

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पुण्याचा सोलर इथे आणला तर काचेच्या नळ्या कदाचित वाचतील, पण टाकीत येणारी-जाणारी पाइपलाइन पहिल्या कडक रात्री फुटेल. म्हणून इथे टाकी तळघरात ठेवतात. छपरावर फिरतो तो वेगळा द्रव, आणि तो आपली उष्णता हीट एक्सचेंजरमधून पिण्याच्या पाण्याला देतो. यात दोन पद्धती आहेत.

पहिली ग्लायकॉलची. बंद पाइपमध्ये पाणी आणि प्रोपिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण भरतात. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३३-३४ अंशांपर्यंत गोठत नाही. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चालत नाही. ही पद्धत जुळवायला सोपी आहे, पाइप कसाही वळवला तरी चालतो. तिचा शत्रू मात्र हिवाळा नसून उन्हाळा आहे. जुलैत सगळे भारतात गेले, टाकी पूर्ण तापली, पंप थांबला, की कलेक्टरमध्ये अडकलेलं ग्लायकॉल करपतं. द्रव फिरायचा थांबला की फ्लॅट प्लेटचं तापमान दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत जातं, ट्यूबचं त्याहून वर. असं वारंवार झालं की ग्लायकॉल आम्लधर्मी होऊन तांब्यालाच खायला लागतं. उभा किंवा साठ अंशांचा कलेक्टर इथे कामी येतो, कारण उन्हाळ्यात तो मुळातच कमी तापतो.

दुसरी ड्रेनबॅक पद्धत. पंप चालू असेल तेव्हाच द्रव वर जातो. पंप थांबला की सगळा द्रव उतारावरून घरातल्या लहान टाकीत परत येतो. वर उरते फक्त हवा, त्यामुळे गोठायला काही नाही आणि करपायलाही काही नाही. उन्हाळ्यात दोन महिने भारतात जाणाऱ्यांना मी हीच पद्धत सुचवेन. अट एकच, पण कडक आहे: वरच्या सगळ्या पाइपला आणि कलेक्टरला सलग उतार हवा, मीटरला निदान २ सेंटिमीटर. एका ठिकाणी पाइप लवला, तिथे पाणी साचलं, की तिथेच फुटणार. फार थंड गावांत काही जण ड्रेनबॅकमध्येही थोडं ग्लायकॉल घालतात. सेन्सर बिघडून रात्री पंप चालू राहिला, तर तेवढा आधार असतो. पंप थोडा ताकदीचा लागतो, कारण दर वेळी पाणी छपरापर्यंत चढवायचं असतं.

तुमच्या घरात तळघरापासून छपरापर्यंत सरळ उताराचा मार्ग मिळतो का, यावर हा निर्णय बहुतेक वेळा होतो.

चौथा निर्णय: फ्लॅट प्लेट की ट्यूब?

फ्लॅट प्लेट म्हणजे तावदान लावलेली उथळ पेटी. आत काळा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याला चिकटवलेल्या नळ्या. ट्यूब म्हणजे दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असलेल्या नळ्यांची रांग. थर्मासमध्ये असते तशीच ही पोकळी आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

आता बर्फाचं बघा. फ्लॅट प्लेटची काच आतल्या उष्णतेने थोडी कोमट होते. बर्फाच्या पातळ थरातून किंवा उघड्या कडेतून जरा उजेड आत गेला की पत्रा तापतो, काचेलगतचा थर वितळतो आणि वरची सगळी लादी एकदम खाली घसरते. ट्यूबची बाहेरची काच थंडच राहते, कारण उष्णता बाहेर येऊ न देणं हेच तिचं काम. त्यामुळे तिच्यावर दवाचं हिम बसतं, नळ्यांमधल्या फटींत बर्फ गच्च भरतो आणि वितळायला दिवसेंदिवस लागतात. तो ओढून काढायला जावं तर काच फुटायची भीती. फ्लॅट प्लेटवरचा बर्फ मात्र लांब दांड्याच्या, स्पंज लावलेल्या फावड्याने खाली उभं राहून ओढता येतो.

मग ट्यूबचा फायदा कुठे? एक हिशेब मांडतो. आकडे सर्वसाधारण मॉडेलचे आहेत, तुमच्या मॉडेलचे त्याच्या रेटिंगमध्ये सापडतील. फ्लॅट प्लेट आलेल्या उन्हातलं ७८ टक्के पकडते, पण बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश जास्त तापेल, तितक्या प्रत्येक अंशामागे चौरस मीटरला ४ वॅट गमावते. ट्यूबच्या रांगेत फटी असतात, म्हणून एकूण क्षेत्रफळावर मोजलं तर ती ४८ टक्केच पकडते, पण अंशामागे गमावते जेमतेम १.२ वॅट. बाहेर उणे १०, आतला द्रव ४० अंश, म्हणजे फरक ५० अंशांचा. लख्ख ऊन असेल, चौरस मीटरला ८०० वॅट, तर फ्लॅट प्लेट देते ४२४ वॅट आणि ट्यूब ३२४. पातळ ढग असतील, ३०० वॅट, तर फ्लॅट प्लेट ३४ आणि ट्यूब ८४.

म्हणजे लख्ख उन्हात फ्लॅट प्लेट पुढे, अंधुक उजेडात ट्यूब पुढे. पण त्या अंधुक दिवशी दोन्हींतून मिळतं थोडंच. हिवाळ्यातली खरी कमाई बर्फ पडून गेल्यानंतरच्या निळ्याशार, कडाक्याच्या दिवसांत होते, आणि नेमक्या त्या दिवशी ट्यूब बर्फाखाली असण्याची शक्यता जास्त. म्हणून बर्फ भरपूर आणि ऊनही भरपूर असलेल्या गावात घरगुती पाण्यासाठी माझं मत फ्लॅट प्लेटच्या बाजूने आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या ओकोटोक्स इथे २००७मध्ये सुरू झालेल्या ड्रेक लँडिंग वसाहतीत ५२ घरं होती. उन्हाळ्याची उष्णता जमिनीत साठवून हिवाळ्यात ती घरं उबदार ठेवायची, अशी योजना होती. तिथे गॅरेजांच्या छपरांवर सुमारे ८०० कलेक्टर बसवले होते, आणि ते सगळे फ्लॅट प्लेट होते.

ट्यूब कधी घ्याव्यात? बर्फ कमी पण थंडी आणि ढग जास्त असतील तेव्हा. पाणी साठ-सत्तर अंशांच्या वर हवं असेल तेव्हा, कारण तापमानातला फरक वाढला की फ्लॅट प्लेट मागे पडते. अरुंद जिन्यातून मोठी पेटी वर नेणं अशक्य असेल तेव्हाही, कारण ट्यूब एकेक करून नेता येतात. भिंतीवर उभ्या बसवणार असाल तर बर्फाची तक्रार बरीचशी मिटते. ट्यूब घेतल्याच, तर हीट पाइपवाल्या, म्हणजे प्रत्येक नळीत स्वतःचा बंद पाइप असलेल्या घ्या. एखादी फुटली तर यंत्रणेतला द्रव न काढता तेवढीच बदलता येते. दर वसंतात टोकाकडची चंदेरी झाक बघा. ती पांढरी पडली असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली. ड्रेनबॅकला आतून यू आकाराची नळी असलेल्या ट्यूब चालत नाहीत, कारण त्यांतलं पाणी पूर्ण उतरत नाही.

मॉडेल निवडताना विक्रेत्याच्या पत्रकातल्या "कमाल कार्यक्षमता" या आकड्याकडे दुर्लक्ष करा. तो द्रव आणि हवा सारख्याच तापमानाला असतानाचा असतो, आणि तुमच्या जानेवारीशी त्याचा काही संबंध नाही. उत्तर अमेरिकेत एसआरसीसी या सोलर उपकरणं प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं ओजी-१०० प्रमाणपत्र बघा, युरोपात सोलर कीमार्क. ओजी-१००च्या तक्त्यात ए ते ई अशा ओळी असतात. सी म्हणजे द्रव हवेपेक्षा २० अंश गरम, डी म्हणजे ५० अंश. बर्फाळ गावात डी ओळ वाचायची, आणि तीही मध्यम व कमी उन्हाच्या रकान्यांत. आलेल्या आकड्याला एकूण क्षेत्रफळाने भागा, मग किमतीशी ताडून बघा. दोन मॉडेलांची खरी तुलना एवढ्यानेच होते.

आकार किती घ्यायचा

चार माणसांना रोज २०० लिटर गरम पाणी धरू. हिवाळ्यात नळाचं पाणी ५ अंशांवर येतं. ते ५० अंशांपर्यंत न्यायला सुमारे १०.५ युनिट ऊर्जा लागते. चार बाय आठ फुटांचे दोन फ्लॅट प्लेट म्हणजे जवळपास ६ चौरस मीटर. डिसेंबरात तिरप्या पृष्ठभागावर दिवसाला चौरस मीटरमागे सरासरी ३ युनिट ऊन आणि त्यातलं ४० टक्के हाती आलं, तर मिळतात ७ युनिट. बर्फाने झाकलेले दिवस वजा केले की निम्म्या गरजेच्या आसपास किंवा त्याहून कमी. जूनमध्ये हेच दोन कलेक्टर गरजेच्या दुप्पट देतात.

म्हणून डिसेंबर पूर्ण भागवण्यासाठी चार कलेक्टर घेऊ नका. ते जूनमध्ये स्वतःलाच भाजून काढतील. चौघांसाठी दोन कलेक्टर आणि ३०० लिटरची, म्हणजे ८० गॅलनची टाकी हे प्रमाण बहुतेक घरांना पुरतं. बॅकअप हीटर हवाच, टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत नेऊन जंतू मारायलाही तो लागतो. टाकीनंतर थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या. उन्हाळ्यात टाकीत ७०-८० अंशांचं पाणी असतं आणि तेच थेट नळाला आलं तर पोरांचे हात भाजतील.

बसवणाऱ्याला काय विचारायचं

"या भागात तुम्ही बसवलेली, निदान पाच हिवाळे काढलेली यंत्रणा दाखवा." हा पहिला प्रश्न. ती फेब्रुवारीत बघायला मिळाली तर उत्तमच.

मग बारीकसारीक. बाहेरच्या पाइपवर कोणतं आवरण घालणार? पाण्याच्या पाइपवर चढवतात ते साधं फोम वितळून जातं. दीडशे अंश सोसणारा रबरी फोम हवा आणि त्यावर उन्हापासून आणि पक्ष्यांपासून वाचवणारा पत्रा. पाइप तांब्याचा किंवा स्टीलचा हवा, प्लॅस्टिकचा पेक्स नको. ग्लायकॉल असेल तर तापून फुगलेला द्रव सामावणारा एक्स्पान्शन टँक किती मोठा? हीट एक्सचेंजर दुहेरी भिंतीचा आहे का? अनेक ठिकाणी नियमच तसा आहे. कलेक्टरमधून निघणारी सेन्सरची तार कोणत्या जातीची? क्षुल्लक वाटते, पण तीच आधी तुटते.

काम मे ते सप्टेंबरमध्ये करून घ्या. बर्फाने झाकलेल्या छपरावर फ्लॅशिंग नीट बसत नाही, आणि थंडीत छपरावरचे शिंगल (डांबरी कौलं) वाकवले की तडकतात. हाती घेताना यंत्रणा भर उन्हात तासभर चालवून बघा. कलेक्टरमधून येणाऱ्या आणि वर जाणाऱ्या पाइपच्या तापमानात आठ-दहा अंशांचा फरक दिसला तर प्रवाह ठीक आहे. फरक तीस-चाळीस असेल तर कुठेतरी हवा अडकली आहे किंवा पंप कमी पडतो आहे.

त्यानंतर दर ऑक्टोबरला अर्धा तास काढा. ग्लायकॉलचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ते किती अंशांपर्यंत टिकेल ते वाचा आणि पीएच पट्टी बुडवा. पीएच ७च्या खाली गेला असेल तर बर्फ पडायच्या आत सगळं ग्लायकॉल बदलून घ्या. ड्रेनबॅक असेल तर लहान टाकीवरच्या काचेतून पाण्याची पातळी बघा. मग पंप बंद करून पाणी खाली येताना खळखळतं का ते ऐका, आणि पातळी पुन्हा खुणेपर्यंत आली की नाही ते तपासा. खुणेच्या खाली राहिली, तर तेवढं पाणी वर कुठेतरी अडकलं आहे. ती लवलेली जागा नोव्हेंबरच्या आत शोधायची.